काटेसाहेबांची वाकणारी पट्टी

जिन्याखाली कसला वास येतो, एवढंच काटेसाहेबांना शोधायचं होतं. पुढे जे झालं ते त्यांच्या मनातही नव्हतं. पण मनात नसलेल्या गोष्टीच माणसाच्या हातून जास्त नीट पार पडतात, त्याला कोण काय करणार?

वास होता मात्र उग्र. तळमजल्यावर जिन्याखाली विजेच्या मीटरांची खोली होती. तिच्या आसपास आठवडाभर डोकं धरेल असा वास घुमत होता. पहिल्या मजल्यावरच्या पार्लरवाल्या बाईंचं म्हणणं, तो होमिओपॅथीवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून येतो. डॉक्टरांचं म्हणणं, पार्लरमधून. सेक्रेटरींचं मत असं की वास वगैरे काही नाही, लोकांना हल्ली उद्योग उरलेला नाही. या विषयावर दोन सभा झाल्या. दुसऱ्या सभेत डॉक्टर आणि पार्लरवाल्या बाई एकमेकांच्या नाकांबद्दल जे बोलले, ते इतिवृत्तात लिहिता आलं नाही.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली, म्हणून सगळी इमारत त्यांना काटेसाहेब म्हणे. निवृत्तीनंतर तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हा त्यांनी मोर्चा घराकडे वळवला. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वाटीवर लाल रंगाने तिचं माप लिहिलेलं होतं. "माणूस खोटं बोलेल, काटा बोलायचा नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यावर त्यांच्या बायकोचं ठरलेलं उत्तर होतं, "मग काट्याशीच लग्न करायचं होतं."

अशा माणसाच्या घरात ती पट्टी यावी हा योगच म्हणायचा. काटेसाहेबांची लेक एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होती. काय संशोधन करते ते तिने दोन-तीनदा समजावून सांगितलं होतं, आणि दोन-तीनदा काटेसाहेबांनी मान डोलावून पेपर उघडला होता. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिने पर्समधून एक डबी काढली आणि जेवणाच्या टेबलावर प्रयोगच करून दाखवला. डबीत बोटभर लांब, दुधाच्या सायीसारखी मऊ अशी पट्टी होती. लेकीने ती चिमट्यात उभी धरली आणि नेलपॉलिश काढायची बाटली उघडून शेजारी ठेवली. पट्टीने हळूच मान झुकवली, मग कमरेत वाकली. बाटली बंद केल्यावर पुन्हा हळूहळू सरळ झाली.

"दोन थर आहेत, बाबा," लेक म्हणाली. "एक थर ही वाफ पितो आणि फुगतो. दुसरा पीत नाही. मग एक बाजू मोठी झाली की पट्टी वाकणारच ना? स्पिरिट, थिनर, असलं काहीही चालतं."

"वायर?"

"नाही."

"सेल?"

"नाही. काहीच नाही."

काटेसाहेबांच्या हातातला घास हातातच राहिला. पस्तीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेचे काटे पाहिले होते, पण आपण होऊन नम्रपणे वाकणारा काटा पहिल्यांदाच पाहत होते.

"ही मला दे."

"बाबा, ही नापास पट्टी आहे. हिला वाफ कोणती ते कळत नाही, कुठून आली ते कळत नाही. नुसतं काहीतरी आहे एवढं कळतं. म्हणून तर टाकून दिली होती."

"तेवढं पुरे."

"पुरे नाही हो. हिच्यावरून काही ठरवू नका म्हणजे झालं."

"बरं," काटेसाहेब म्हणाले. लबाड दुकानदाराचं म्हणणं ऐकून घेताना ते असंच "बरं" म्हणत.

"दे गं त्यांना," बायको भांडी उचलत म्हणाली. "माकडाच्या हाती कोलीत. दोन दिवस माझ्या वाट्या तरी सुटतील."

दुसऱ्याच दिवशी काटेसाहेब पट्टी घेऊन निघाले. ती त्यांनी कपड्याच्या चिमट्यात अडकवली होती. मागे लेकीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक लावला होता, म्हणजे नुसती वाकली असं मोघम न लिहिता किती अंश वाकली ते वहीत लिहिता यावं. मीटरच्या खोलीपाशी पट्टी तीस अंश वाकली. इथवर ठीक होतं. पण माप एकदा घ्यायला लागलं की थांबवत नाही, हा त्या खात्याचाच रोग. डॉक्टरांच्या दारात ती वीस अंश वाकली. औषधाच्या गोळ्यांवर स्पिरिटातलं औषध पडतं, तेव्हा वाकणारच. पार्लरच्या दारात तर तिने थेट लोटांगण घातलं. जिन्यात सेक्रेटरी भेटले. ते नुकतेच दाढी करून, गालांना काहीतरी सुगंधी चोळून निघाले होते. काटेसाहेबांनी पट्टी त्यांच्या हनुवटीखाली धरली आणि वहीत लिहिलं, "सेक्रेटरी, पंधरा अंश."

"माझ्या गालांची मापं घ्यायचा अधिकार तुम्हाला सभेने दिलेला नाही!" सेक्रेटरी कडाडले.

संध्याकाळपर्यंत डॉक्टर बोलेनासे झाले होते आणि पार्लरवाल्या बाईंनी दारावर "बाहेरच्या तपासणीस मनाई" अशी चिठ्ठी लावली होती. सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. कोणी म्हणालं, पट्टी लिफ्टमध्ये टांगा. कोणी म्हणालं, तिला चष्म्याच्या डबीत ठेवा, दमट हवेत बिघडेल. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यांच्या ऐन तारुण्यात असली पट्टी पाहिल्याचं सांगितलं, ती याहून मोठी होती. एकच सल्ला कामाचा निघाला, तो मिस्त्रींचा.

मिस्त्री तळमजल्यावर राहत. वर्षानुवर्षं फर्निचरचं काम करत आले होते. हात असा की त्यांनी केलेल्या कपाटाचं दार लागल्याचा आवाज येत नसे. काटेसाहेबांशी त्यांची वीस वर्षांची दोस्ती. त्यातली पहिली काही वर्षं मिस्त्री फार पीत. इतके की जिन्यात बसून राहत, आणि त्यांची बायको येऊन त्यांना न बोलता उठवून नेई. मग एक दिवस त्यांनी सोडली. सोडल्यानंतरचे पहिले चाळीस दिवस संध्याकाळ झाली की काटेसाहेब कॅरम घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसत आणि मुद्दाम हरत. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत इमारतीत कोणी तो विषय एकदाही काढला नव्हता, आणि कोणी तो विसरलंही नव्हतं. मिस्त्रींच्या मानेवर ते अकरा वर्षांचं ओझं होतं. ते ताठ मानेने वाहून नेण्यात त्यांची सगळी इभ्रत होती, हे काटेसाहेबांइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

"साहेब, दारोदार फिरून वैर कशाला घेता?" मिस्त्री म्हणाले. "पट्टी मीटरच्या खोलीत कायमची लावा. वाकली की घंटा वाजेल असं करा. मी तिला जाळीची पेटी करून देतो."

झालं. शोधाचं यंत्र झालं, आणि यंत्र म्हटलं की परवानगी आली. सेक्रेटरी म्हणाले, सामायिक जागेत काही लावायचं तर अग्निशमन कार्यालयाचं ना-हरकत पत्र हवं. काटेसाहेब गेले. तिथल्या कारकुनाने पट्टीकडे बराच वेळ पाहिलं.

"किती व्होल्टची?"

"वीज लागत नाही."

"मग हे यंत्र नाही. यंत्राचा अर्ज चालणार नाही."

"मग वस्तू म्हणून लिहा."

"वस्तू आपोआप हलत नाही. ही हलते." कारकुनाने पेन खाली ठेवलं. "तुम्ही आधी वजनमाप खात्यातून आणा, ही पट्टी काय मोजते आणि बरोबर मोजते का ते."

काटेसाहेब आनंदाने आपल्या जुन्या खात्यात गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस आता त्यांच्याच खुर्चीत बसला होता. त्याने उठून नमस्कार केला, बसायला दिलं आणि अत्यंत आदराने नमुना क्रमांक सतरा पुढे केला. तीन प्रतींत भरायचा, प्रत्येक प्रतीवर प्रमाणित मापाचा शिक्का. वाफेने वाकण्याचं प्रमाणित माप जगात कुठेच नव्हतं, तेव्हा शिक्का मिळणं अशक्य होतं.

"असला अर्ज काढला कोणी?" काटेसाहेब चिडून म्हणाले.

"साहेब, आपणच," तो माणूस खालमानेने म्हणाला. "आपलीच शिस्त आम्ही पाळतो."

शेवटी सेक्रेटरींनी एक मार्ग काढला. रविवारी अकराला सभेपुढे प्रात्यक्षिक दाखवा, सभेला पटलं तर कागदाचं बघू. काटेसाहेबांना वाटलं, आता सगळं आपल्या हातात आलं. खरंतर इथवरच थांबायला हवं होतं.

रविवारी सकाळी नऊला ते मिस्त्रींकडे पेटी बघायला गेले. पेटी अप्रतिम झाली होती. लाखेचं पॉलिश शनिवारीच लावून झालं होतं.

"चमक अजून हवी होती," काटेसाहेब म्हणाले. "सभेत सगळे बघणार."

"पुरे आहे, साहेब. आता हात मारला तर अकरापर्यंत वाळायची नाही."

"मारा हो एक हात. माझ्यासाठी."

मिस्त्रींनी बाह्या वर केल्या, फडक्यावर स्पिरिटात विरघळवलेली लाख घेतली आणि कामाला लागले. काटेसाहेब पंधरा मिनिटं समोर बसून बघत होते. त्या वासाने ते दोनदा शिंकलेही.

सभेत पहिला पाऊण तास अब्रूचे धिंडवडे निघाले. पट्टीच्या टोकाला चांदीचा कागद लावला होता. ती वाकली की कागद खिळ्याला टेकणार आणि घंटा वाजणार, असा बेत होता. काटेसाहेबांनी थिनरची बाटली उघडली. पट्टी वाकली, पण उलट बाजूला. त्यांनी ती चिमट्यात फिरवून लावायला हवी होती. खिळ्याकडे पाठ करून तिने असा काही नमस्कार घातला की मागच्या रांगेतले हसून लोटपोट झाले. पट्टी फिरवली, तर कोणीतरी पंखा लावला आणि वाफ खिडकीतून गेली. पंखा बंद केला, तर घंटेचा सेल उतरला. सेल बदलून झाला तेव्हा बाटलीच लवंडली. जमिनीवरचं थिनर पुसून, खिडक्या उघडून सगळा वास जाईपर्यंत डॉक्टर जांभया देत होते.

"पुढचा विषय घेऊ," सेक्रेटरी म्हणाले. "पाण्याची टाकी."

काटेसाहेबांचे कान तापले. पस्तीस वर्षं ज्यांच्या नुसत्या येण्याने बाजार गप्प होई, त्यांच्यावर आज बाजार हसत होता. तेवढ्यात मिस्त्री घाईघाईने आत आले. पेटीवर शेवटचा हात मारून ती वाळत ठेवून, हात त्याच फडक्याला पुसत तसेच ते आले होते. "जमलं का, साहेब?" म्हणत ते टेबलावर ओणवे झाले.

पट्टी वाकली. कागद खिळ्याला टेकला आणि घंटा खणखणीत वाजली.

आणि काटेसाहेब ओरडले, "पाहिलंत? चालते!"

घंटा वाजतच होती. मग पार्लरवाल्या बाई शेजारणीच्या कानाशी लागल्या, आणि ते कुजबुजणं पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आलं, "अकरा वर्षं झाली होती ना?" मिस्त्री मागे सरले, तशी घंटा थांबली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही, फक्त काटेसाहेबांकडे पाहिलं. त्या खोलीत त्यांच्या हाताला काय लागलंय हे ठाऊक असलेला तो एकच माणूस होता.

काटेसाहेबांना कळलं होतं. लगेच नाही, पण पाच-सहा सेकंदांत कळलं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्याच क्षणी सेक्रेटरींनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला! अचूक यंत्र आहे." डॉक्टर म्हणाले, "वा!" मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. निवृत्तीनंतर सहा वर्षांत काटेसाहेबांना असं कोणी म्हणालं नव्हतं. त्यांनी विचार केला, हे एवढं होऊन जाऊ दे, मग सांगतो. एवढंच. अर्ध्या मिनिटाची तर गोष्ट होती.

त्या अर्ध्या मिनिटात मिस्त्री दाराबाहेर गेले. त्यांची बायको तिसऱ्या रांगेत होती. ती उठली, पदर सावरला आणि त्यांच्यामागून गेली. तेव्हा काटेसाहेब म्हणाले, "अहो, ते पॉलिशचं स्पिरिट होतं." पण तोवर पाण्याच्या टाकीवर भांडण सुरू झालं होतं आणि ते कोणी ऐकलं नाही. दोघांनी ऐकलं, त्यांना वाटलं काटेसाहेब मित्रावर पांघरूण घालताहेत. भला माणूस, असंही ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं," घरी आल्यावर सगळं ऐकून बायको म्हणाली. तिने ताट वाढलं नव्हतं.

"बोलणारच होतो."

"कधी?"

काटेसाहेबांकडे प्रत्येक गोष्टीचं माप होतं, याचं नव्हतं.

दुपारी ते मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींच्या बायकोने दार अर्धवट उघडलं आणि "झोपलेत" एवढंच म्हणाली. आतून रंधा मारल्याचा आवाज येत होता. काटेसाहेब परत फिरले. घरी येऊन त्यांनी ठरवलं, चूक जाहीर झाली तर दुरुस्तीही जाहीर व्हायला हवी. खात्यातला माणूस, शेवटी कागदावरच आला. त्यांनी मनापासून, अर्धं पान भरून लिहिलं की चूक माझी आहे, पॉलिश करायला मीच सांगितलं होतं, गप्पही मीच राहिलो. सेक्रेटरी म्हणाले, भाषा जरा नियमात बसवावी लागेल. सोमवारी फलकावर लागलं ते असं: "खुलासा. तळमजल्यावरील सदर सदस्य रविवारच्या सभेत मद्यप्राशन करून आले नव्हते, असे पट्टीधारकाचे म्हणणे आहे. सर्वांनी नोंद घ्यावी."

सर्वांनी घेतली. जे सभेला नव्हते त्यांनीही घेतली. दूधवाल्याने घेतली. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर खाली येऊन विचारलं, "मग कधी आले होते?" काटेसाहेबांनी तो कागद टराटरा फाडला. त्याबद्दल त्यांना सूचनाफलकाची नासधूस केल्याची लेखी समज मिळाली.

बुधवारी मीटरवर आकडे घ्यायला विजेचा माणूस आला. खोलीत शिरला, नाक ओढलं, खाली वाकला आणि मीटरांच्या मागून एक गंजका डबा ओढून काढला. रंगाऱ्यांनी विसरलेला थिनरचा डबा, बुडाशी झिरपणारा. "एवढा वास येतोय, कोणी बघितलं नाही?" असं म्हणून तो डबा बाहेर ठेवून गेला. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

लेक आली, तेव्हा काटेसाहेबांनी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती रागावली नाही. "काही ठरवू नका म्हटलं होतं ना, बाबा," एवढंच म्हणाली आणि पट्टी डबीत घालून घेऊन गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्री भेटले ते आठवड्यानंतर, कामावरून येताना, इमारतीच्या फाटकाशी. काटेसाहेबांनी पाठ केलेलं सगळं बोलायला सुरुवात केली, आणि तिसऱ्याच वाक्याला पुढचं विसरले.

"जाऊ द्या, साहेब," मिस्त्री म्हणाले. "पट्टी खोटं कुठे बोलली? हाताला स्पिरिट होतंच की."

"मी बोलायला हवं होतं."

"हो," मिस्त्री म्हणाले. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. "लोकांचं काही नाही हो. लोक बोलतात. पण त्या दिवशी घरी गेल्यावर हिने माझं तोंड हुंगलं. पॉलिश आहे म्हणून मी सांगितलं. तिला पटलंही. पण आधी हुंगलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा."

"मिस्त्री, या ना घरी," काटेसाहेब म्हणाले. "उद्या या. कॅरम काढतो."

मिस्त्री आले. दिलदार माणूस, त्याने मनात धरलं नाही, असं सगळी इमारत म्हणाली. काटेसाहेबांनी दार उघडलं तर मिस्त्री उंबऱ्याबाहेरच थांबले. किंचित पुढे झुकले आणि काटेसाहेबांच्या तोंडावर त्यांनी "हाऽ" करून लांब श्वास सोडला.

"तपासून घ्या, साहेब. मग आत येतो," ते हसून म्हणाले.

काटेसाहेबही हसले. बायकोही आतून हसली. हसण्यावारी गेलं म्हणून काटेसाहेबांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तेच केलं, तिसऱ्या दिवशीही. पंधरा दिवस झाले तरी ते उंबऱ्याशी थांबत, झुकत आणि श्वास सोडत. आता त्यात हसणं राहिलं नव्हतं. पाय पुसून आत यावं तसं ते झालं होतं.

शेवटी एक दिवस काटेसाहेब म्हणाले, "मिस्त्री, हात जोडतो. पुरे करा हे आता."

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, साहेब," मिस्त्री अगदी साधेपणाने म्हणाले. "घरीसुद्धा असंच करून आत जातो. सवय झालीय."

आणि ते दारात उभे राहिले, काटेसाहेब बाजूला होण्याची वाट बघत.